गाळणीत अडकलेला गोरेपणा

माझ्या लॅबच्या पाटीवर माझं नाव आहे, नावापुढे पदव्या आहेत, तरीही आत येणाऱ्या बहुतेकांना मी तिथे नेमकं काय करते ते ठाऊक नसतं. रक्त घेतो आमचा टेक्निशियन इरफान. त्यामुळे लोकांच्या लेखी डॉक्टर तोच. एकदा एका आजोबांना सुई अजिबात दुखली नाही. त्यांनी इरफानला हात जोडले, “डॉक्टरसाहेब, तुमच्या हाताला लई गुण हाय,” म्हणाले आणि जाताना वाटेत उभ्या असलेल्या मला म्हणाले, “बाई, जरा सरका की.”

मी सरकले. पॅथॉलॉजिस्टची जागा साधारण तीच असते, वाटेतून जरा बाजूला. पेशंट आम्हाला भेटत नाही, त्याचा तुकडा भेटतो. तो तुकडा रंगवून, काचेवर घेऊन, सूक्ष्मदर्शकाखाली बघून आम्ही आजाराचं नाव सांगतो आणि ते नाव दुसरा डॉक्टर पेशंटला सांगतो. श्रेय त्याला, शिव्याही त्यालाच. मला हा व्यवहार फार सोयीचा वाटायचा.

पंचेचाळिशी ओलांडेपर्यंत माझं असं छान चाललं होतं. मग सोलापुरात डॉ. निंबाळकर आले. हे किडनीचे तज्ज्ञ. वयाने माझ्याहून बरेच लहान, आणि बोलतात इतकं भरभर की मधे ‘हं’ म्हणायलाही जागा मिळत नाही. किडनी का बिघडली हे कळायला ते पेशंटच्या पाठीतून सुईने किडनीचा बारीकसा तुकडा काढत. शेवईचा एक तुकडा डोळ्यांसमोर आणा, तेवढाच. तो वाचणारं गावात कुणी नव्हतं, म्हणून डब्यात बंद होऊन खासगी बसने मोठ्या शहरात जायचा. एकदा तो डबा उतरवून घ्यायचा राहिला. बस पुढे गेली, डबाही गेला. कुठल्या कुठल्या गावांचं दर्शन घेऊन तो सोलापुरात परतला, तेव्हा आतला तुकडा काही कामाचा उरला नव्हता. पेशंट बिचारा खाटेवरून हललाही नव्हता आणि त्याच्या किडनीचा प्रवास झाला होता. त्याला पुन्हा सुई टोचावी लागली.

निंबाळकर तणतणत माझ्या लॅबमध्ये आले. “मॅडम, तुम्ही पॅथॉलॉजिस्ट आहात ना? मग हे शिकून का घेत नाही?”

किडनीच्या पॅथॉलॉजीची वेगळी फेलोशिप असते, वर्षभराची, पॅथॉलॉजिस्ट झाल्यानंतर करायची. म्हणजे आधीच शिकलेल्यांनी पुन्हा शाळेत जायचं. मी हसण्यावारी नेलं. पण रात्री जेवताना घरी सांगितलं, तर आमचे हे, म्हणजे गणिताचे प्राध्यापक, गंभीरपणे म्हणाले, “जा की. मी भात करायला शिकेन.” सासूबाईंनी मात्र एकच शंका काढली. “इतकी वर्षं मग काय न शिकताच पैसं घेत हुतीस व्हय?”

दक्षिणेतल्या एका मोठ्या शहरातल्या रुग्णालयात मला प्रवेश मिळाला. बॅगेत कडक भाकरी आणि शेंगाचटणी भरून मी वसतिगृहाच्या दारात उभी राहिले, तर वॉर्डनबाईंनी हात आडवा घातला. पालकांना वर जायला परवानगी नाही म्हणाल्या. मुलीला सामान घ्यायला खाली बोलवा. मी म्हटलं, मुलगी मीच. त्यांनी ओळखपत्र बघितलं, मला बघितलं, पुन्हा ओळखपत्र बघितलं. वर्षभर त्या बाई मला ‘अम्मा’ म्हणायच्या आणि बाकीच्या मुलींकडे लक्ष ठेवायला सांगायच्या.

माझ्या गुरू होत्या डॉ. रेवती. वयाने माझ्याहून लहान, पण त्यांच्यासमोर बसलं की मला पहिलीतल्यासारखं वाटायचं. सूक्ष्मदर्शक असा होता की एकाच काचेला आम्ही सगळे जण चहूबाजूंनी डोळे लावून बसायचो, जणू एकाच परातीत जेवायला बसलोय. पहिल्याच दिवशी काच बघून मी फटकन आजाराचं नाव सांगितलं. माझा इतक्या वर्षांचा अनुभव, दाखवायला नको?

रेवती मॅडम शांतपणे म्हणाल्या, “नाव मी विचारलं नव्हतं. दिसतंय काय ते सांगा.”

मी दिसतंय ते सांगायला लागले आणि दोन वाक्यांत अडखळले. नाव ठाऊक असलं की माणूस बघायचं थांबवतो, हे मला तिथे कळलं. पुढचे कित्येक आठवडे मला नावं घ्यायची बंदी होती. फक्त वर्णन. लग्न झाल्यावर नवऱ्याचं नाव घ्यायचा आग्रह मी पुष्कळ सोसला होता, नाव न घेण्याचा आग्रह पहिल्यांदाच सोसत होते.

किडनी म्हणजे लाखो गाळण्यांची एक पिशवी. प्रत्येक गाळणी म्हणजे अतिशय बारीक रक्तवाहिन्यांचा गुंता. रक्त त्यातून जातं, घाण खाली उतरते, कामाचं वर राहतं. गाळणीचं कापड बिघडलं की कामाची प्रथिनंही लघवीतून वाहून जातात. मग लघवीला फेस येतो, पाय सुजतात, डोळे सुजतात. आमचं काम म्हणजे त्या शेवईच्या तुकड्यातल्या चारदोन गाळण्या बघून कापड कुठे आणि कशाने बिघडलं ते ओळखणं. त्यासाठी तुकड्याला नाना रंग देतात. एका रंगाने कापडाची किनार काळीभोर दिसते. एका तपासणीत अंधाऱ्या खोलीत बसायचं आणि जिथे शरीराने स्वतःवरच हल्ला केलाय तिथे हिरवं चमकताना बघायचं. ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी नकळत ‘अगंबाई’ म्हणाले. पुढे त्या अंधारात काही चमकलं की आमचा सगळा कंपू ‘अगंबाई’ म्हणायला लागला. त्यातल्या एकालाही मराठी येत नव्हतं.

सगळंच काही चमकणारं नव्हतं. एकदा एका तरुण शिक्षिकेचा तुकडा आला. बघितला, तर एकही गाळणी शिल्लक नाही, सगळ्यांचे व्रण झालेले. मी भराभर काच सरकवली. लिहायचं एवढंच होतं की किडनी संपली आहे. रेवती मॅडमनी काच पुन्हा मागे आणली. “सावकाश बघा. तिची किडनी आपण शेवटची बघतोय.” मग आम्ही ती गाळणी न् गाळणी बघितली. काहीही नवं सापडलं नाही. चेहरा सुजतो म्हणून ती पोर अनेक वर्षं या ना त्या डॉक्टरकडून सूज उतरायच्या गोळ्या घेत होती, आणि लघवीची साधी तपासणी कुणी सांगितली नव्हती. मला ती काच अजून दिसते.

वर्ष संपवून मी सोलापूरला परतले. ह्यांना भात येत होता. निंबाळकरांनी लगेच तुकडे पाठवायला सुरुवात केली. बसच्या टपावर जाणारी किडनी आता रिक्षाने येऊ लागली. आणि काही महिन्यांतच मल्लिनाथ आला. म्हणजे आधी त्याचा तुकडा आला.

मल्लिनाथ तिशीचा. अक्कलकोट रस्त्याला ट्रॅक्टरच्या स्पेअरपार्टचं दुकान, घरची शेती, व्यायामाने कमावलेलं अंग. साखरपुडा झालेला आणि लग्न तोंडावर. पाय असे सुजले की नवरदेवाचे बूट बसेनात, म्हणून डॉक्टरकडे गेला आणि तिथून निंबाळकरांकडे. लघवीतून प्रथिनं धो धो वाहत होती.

मी काच लावली. गाळणीचं कापड जाड झालं होतं आणि काळ्या रंगात त्याच्या किनारीवर बारीक काटे उभे राहिलेले दिसत होते. अंधाऱ्या खोलीत त्याच किनारीवर हिरवी रवाळ रांगोळी. आजाराचं नाव मला येत होतं. पण या आजाराची नेहमीची खूण त्याच्या रक्तातही नव्हती आणि तुकड्यातही नव्हती. म्हणजे कारण वेगळं काहीतरी होतं.

निंबाळकरांचा फोन आला. “मॅडम, सोमवारपासून कडक औषधं सुरू करतोय. सूज वाढतेय. थांबलो तर रक्ताच्या गुठळ्या व्हायची भीती.”

“त्या औषधांनी पुढे मूल व्हायला अडचण येऊ शकते ना?”

“येऊ शकते. म्हणून तर विचारतोय. काही सांगायचं असेल तर आत्ता सांगा.”

“मला थोडा वेळ द्या,” मी म्हटलं. इतकी वर्षं मी बाजूला उभी होते. आता नेमकी वाटेत उभी होते.

तुकड्याचे काप रेवती मॅडमकडे पाठवले. त्यांच्याकडे एका दुर्मिळ प्रथिनाची तपासणी होते. त्यांचा फोन आला, “अगंबाई. ते प्रथिन सापडलंय.” मग म्हणाल्या, “हे सापडलं की दोन गोष्टी शोधायच्या. एक म्हणजे कुठे लपलेला कॅन्सर. दुसरी म्हणजे पारा. कॅन्सर तुमचे निंबाळकर शोधतील. पारा तुम्ही शोधा.”

“मी? मी पेशंटला कधी भेटतच नाही हो.”

“मग आता भेटा.”

निंबाळकरांनी कडक औषधं लांबणीवर टाकली, साधी सुरू केली आणि त्याच्या छातीपोटाच्या तपासण्या लावल्या. त्या चांगल्या आल्या. मी मल्लिनाथला लॅबमध्ये बोलावलं. तो आला, सोबत आई आणि त्यांच्याच घरी राहणारे मामा. आईचं नाव गंगाबाई. घरात कन्नड, बाहेर मराठी आणि रागात दोन्ही, असा त्यांचा कारभार. आल्या आल्या त्यांनी इरफानला नमस्कार केला. मी पुढे होऊन, डॉक्टर मी आहे, असं सांगितलं.

“काही गावठी औषध, काढा, भस्म, पुड्या?” मी विचारलं.

“एनू इल्ल,” गंगाबाई म्हणाल्या. “काय म्हंजी काय न्हाय. करणी हाय ही. पोराचं लगीन ठरलेलं बघवंना कुणाला.”

मामा पुढे सरकले. “करणी नव्हं ओ. जिमची पावडर खातंय ते. म्या शंभरदा सांगितलं, दूध पी, दूध पी.”

पावडरचा डबा मी निंबाळकरांमार्फत आधीच मागवून तपासून घेतला होता. त्यात तसं काही सापडलं नव्हतं. मी मल्लिनाथकडे बघत होते. इतकी वर्षं रंग बघण्यात गेली, त्यामुळे डोळ्यांना सवय असते. चेहरा एका गावचा आणि मान दुसऱ्या गावची. शर्टाच्या कॉलरपाशी वेस होती.

“चेहऱ्याला काही क्रीम वगैरे लावता का?”

गंगाबाईंनी पदर तोंडाला लावला, पण हसू बाहेर आलंच. “अय्यो! डॉक्टरीणबाई, गडी मानूस हाय त्यो. दिसभर ग्रीस लावतंय, क्रीम कुटलं?” मामाही हसले. इरफानने हसू दाबायला पाठ फिरवली. मल्लिनाथ एकटाच जमिनीकडे बघत होता.

मंडळी गेली. थोड्या वेळाने मल्लिनाथ धावत परत आला. हेल्मेट राहिलं म्हणाला. हेल्मेट त्याच्या हातातच होतं.

“बसा,” मी म्हटलं.

“अव्वाला सांगनार न्हाय न्हवं?” त्याने खिशातून एक छोटी डबी काढून माझ्या टेबलावर ठेवली. झाकणावर एका सुंदर बाईचा चेहरा. कुणी बनवली, आत काय आहे, काहीच लिहिलेलं नाही. कुठल्याशा फिरत्या विक्रेत्याकडून घेऊन त्याने डब्यांचा साठाच करून ठेवला होता.

“साखरपुड्यात फोटोग्राफर म्हनला, सर, जरा उजेडात या. मी उजेडातच हुतो, मॅडम. सगळी हसली. तिच्याकडची बी हसली. ती लई गोरी हाय ओ. शेजारी उभारलो की मी तिची सावली दिसतोय.” त्याने गालावरून हात फिरवला. मग हळूच म्हणाला, “पर गुन आला बगा. खरं सांगा, फरक पडला का न्हाय?”

“पडलाय,” मी म्हटलं. खोटं कशाला बोलू? “अशा डब्यांमध्ये पारा असतो. तो कातडीला रंग बनवू देत नाही, म्हणून माणूस उजळतो. पण तो कातडीवर थांबत नाही, रक्तात उतरतो. मग शरीर चवताळतं आणि स्वतःच्याच किडनीवर तुटून पडतं. तुमच्या गाळण्यांत तेच दिसतंय मला.”

त्याने डबी माझ्याकडे सरकवली. “म्हंजी गोरा व्हायला गेलो आन् किडनी घालवली?”

“गेली नाही अजून. डबी टाकली तर बहुतेक परत येईल. वेळ लागेल.”

“आन् रंग?”

“तोही परत येईल.”

त्याला नेमकं कशाचं दुःख जास्त झालं ते मला आजही सांगता येणार नाही.

डबी तपासायला पाठवली. पारा भरपूर निघाला, त्याच्या लघवीतही निघाला. पण अशा वेळी घरातल्या सगळ्यांची तपासणी करायची असते. पारा टॉवेलवरून, उशीवरून, हातावरून फिरतो. मी गंगाबाईंना आणि मामांना पुन्हा बोलावलं. मुलाचं गुपित न फोडता, घरातली हवा-पाणी बघायचंय, असं काहीतरी सांगितलं. मामांचा पारा किंचित वाढलेला निघाला. गंगाबाईंचा चांगलाच, आणि लघवीत प्रथिनंही दिसायला लागलेली.

रिपोर्ट सांगायला तिघांना एकत्र बसवलं आणि असा पारा बहुतेक गोरं करणाऱ्या क्रीममधून येतो, एवढंच सांगितलं. मी मल्लिनाथकडे बघितलं, मल्लिनाथ आईकडे बघायला लागला. गंगाबाई छताकडे.

“अव्वा?”

“आता काय सांगू,” गंगाबाई म्हणाल्या. “तुज्या पेटीत घावली डबी. म्हनलं, लग्नात वरमाय म्हनून उभारायचंय, चार लोकं बगनार. थोडं थोडं लावलं. लई न्हाय.”

“तुला ठावं हुतं मी लावतोय?”

“मला वाटलं सुनंसाठी आनून ठेवलायस. म्हनलं, ती गोरीच हाय की, तिला कशाला?”

मग सगळ्यांच्या नजरा मामांकडे गेल्या. मामांचा रंग तव्यासारखा, तोही अस्सल, कुठे वेस नाही.

“मी तोंडाला न्हाय लावलं,” मामा घाईने म्हणाले. “टाचेला लावलं. भेगा पडल्या हुत्या. बाईचा फोटो बगून म्हनलं भारीतलं असंल.” त्यांनी चप्पल काढून पाय पुढे केला. टाच खरोखरच गोरीपान होती.

त्या दिवशी लॅबमध्ये इतकं हसू झालं की बाहेर रांगेतले पेशंट आत डोकावले. हसता हसता गंगाबाईंचे डोळे मात्र भरून आले. मुलाच्या पाठीवरून हात फिरवत त्या कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटल्या. मला तेवढंच कळलं की त्या त्याला ‘माझं काळं सोनं’ म्हणत होत्या.

हसण्यापलीकडची एक गोष्ट उरली होती. मुलीकडच्यांच्या कानावर ‘पोराची किडनी गेलीय’ एवढंच गेलं होतं आणि लग्न मोडायची भाषा सुरू झाली होती. मल्लिनाथने मला, मध्ये पडून सांगाल का, असं विचारलं. मी रिपोर्ट समजावून सांगायची तयारी दाखवली, पण क्रीमचं त्यानेच सांगावं, असं म्हटलं. दोन दिवस त्याने फोन हातात घेतला आणि ठेवला. शेवटी दुकान बंद करून, गोदामात टायरांच्या मागे बसून त्याने भाग्यश्रीला, म्हणजे होणाऱ्या बायकोला, सगळं सांगितलं. ती काय म्हणाली ते त्याने मला सांगितलं नाही. लग्न पुढे ढकललंय, मोडलं नाही, एवढंच म्हणाला.

सूज उतरायला वेळ लागला. दर खेपेला लघवी तपासायला यायचा. मधे एक महिना असा गेला की प्रथिनं तसूभरही कमी होईनात. निंबाळकर फोनवर भरभर बोलायचे थांबले आणि त्यांचं ते थांबणं मला जास्त घाबरवणारं होतं. आपण औषधं अडवून चूक तर केली नाही ना, असं मनात येऊन मी त्याची काच कितीदा पुन्हा काढून बघितली. दरवेळी तेच काटे, तीच हिरवी रांगोळी. नंतर आकडा हलला, थोडा, मग आणखी थोडा, आणि एकदाचा मल्लिनाथचा पाय त्या नवरदेवाच्या बुटात शिरला. बूट बसल्याचा फोटो त्याने मला पाठवला. गंगाबाई त्याच्या आधीच बऱ्या झाल्या होत्या. मामांच्या टाचेला पुन्हा भेगा पडल्या.

लग्नाला मी आणि हे दोघंही गेलो. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या पेशंटकडच्यांनी मला डॉक्टर म्हणून ओळखलं होतं, इरफानला नव्हे, त्यामुळे मी जरा ऐटीतच साडी नेसले होते. स्टेजवर मल्लिनाथ उभा होता. चेहरा आणि मान पुन्हा एका गावचे झाले होते. भाग्यश्री खरोखरच खूप गोरी होती. मी अक्षता टाकून निघाले, तर तिने माझा हात धरून मला जवळ ओढलं.

“मॅडम, साखरपुडा झाल्यावर दोन महिन्यांनी हे घरी आले होते,” ती कानाशी म्हणाली. “दारात बघितलं तर मला ओळखूच आले नाहीत. मी आत जाऊन आईला म्हटलं, ह्यांनी दुसऱ्याच कुणाला पाठवलंय. मी होकार दिला होता तो पहिल्या माणसाला. तो परत यायची वाट बघत होते.”